अंदाजवाले साहेब

मे महिन्यात अंधेरीला माकडटोपी घालून चहा प्यायला येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साहेब. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. तिथे ते दिवसभर अंगात स्वेटर आणि डोक्याला टोपी घालून बसायचे, आणि बाहेर कँटीनमध्ये आले की टोपी काढायचं विसरायचे. आम्ही पदराने वारा घेत असायचो आणि हे टोपीतून नुसते डोळे आणि मिशी बाहेर काढून विचारायचे, "आज चहात साखर कमी की जास्त? प्यायच्या आधी सांगायचं. अंदाजे."

माझ्याकडे बघून विचारलं की मी कपात बघत बसायचे.

मी तिथे काचसामान धुवायला होते. आमच्या यांची गिरणी बंद पडल्यावर चाळीतल्या एकीने मला त्या औषधाच्या कंपनीत लावून दिलं. मरोळहून चालत जायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा आपोआप बंद व्हायचा. बाटल्या आणि नळ्या काही विचारत नाहीत, म्हणून मला ते काम आवडलं.

लॅबमध्ये माणसं थोडीच. सगळ्यांच्या वर मोठे साहेब. मग हे आमचे साहेब, कॉम्प्युटरचे. आणि ग्लोरिया, नळ्यांतलं रक्त तपासणारी. ती गोराईची. सकाळी होडीने खाडी ओलांडून बोरीवलीला यायची आणि तिथून पुढे अंधेरीला. या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय असल्यामुळे की काय, ती साधं बोलली तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं. साहेबांना अंदाजवाले हे नाव तिनेच ठेवलं. आधी पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणू लागली. साहेबांना ते आवडलं.

त्यांच्या आईने डब्याबरोबर कधी ओल्या मटारच्या शेंगा दिल्या, तर एकेक शेंग फोडायच्या आधी ते ती सगळ्यांना दाखवायचे. आत किती दाणे असतील? सगळ्यांनी बोलल्याशिवाय शेंग फुटायची नाही. एकदा बसमध्ये त्यांनी कंडक्टरला विचारलं, पुढच्या स्टॉपला किती जण उतरतील. कंडक्टर म्हणाला, "तुम्ही उतरा, म्हणजे मला अंदाज येईल." ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली आणि सांगताना इतके हसले की डोळ्यांतल्या पाण्याने टोपी भिजली.

"अंदाज चुकला तर चालतो हो," ते म्हणायचे. "अंदाजच नाही, हे चालत नाही. मग निघायचं कुठून?"

आणखी एक त्यांची गंमत म्हणजे सगळं शेवटाकडून. पेपर मागच्या पानापासून वाचायचे. डबा उघडला की आधी ताकभात, मग वरणभात, आणि सगळ्यात शेवटी पोळीभाजी. ग्लोरिया म्हणायची, "साहेब, तुमच्या बारशाचे पेढे आता तुमच्या लग्नात वाटणार काय?" लग्नाचं नाव निघालं की ते टोपी आणखी खाली ओढायचे.

त्यांचं काम काय होतं ते मला बराच काळ कळलं नव्हतं. कळलं ते त्यांनीच सांगितलं म्हणून. माणसाने गोळी घेतली की औषध रक्तात चढतं आणि मग हळूहळू उतरतं. थोड्या थोड्या वेळाने त्याचं रक्त काढायचं, त्यात औषध किती ते ग्लोरियाने मोजायचं, आणि कागदावर एकेक ठिपका द्यायचा. सगळे ठिपके मिळून एक टेकडी दिसते. डावीकडे चढ, उजवीकडे लांब उतार. त्या ठिपक्यांतून जास्तीत जास्त नीट बसेल अशी टेकडी काढायची, हे कॉम्प्युटरचं काम. त्यावरून औषध अंगात किती टिकतं ते कळायचं.

पण कॉम्प्युटर आपण होऊन निघत नसे. त्याला आधी तीन आकडे द्यावे लागत. चढ किती जोराचा, उतार किती जोराचा आणि टेकडी केवढी. हे अंदाजाचे आकडे. थोडे चुकले तरी तो स्वतःच ते सुधारत सुधारत बरोबर जागी जायचा. फारच चुकले तर मात्र भरकटायचा. आकडे फुगत फुगत जायचे, कागदावर मावेनासे झाले की आकड्यांच्या जागी नुसत्या चांदण्या छापून यायच्या. सगळं पान चांदण्यांनी भरायचं.

एकदा साहेब रजेवर असताना मोठ्या साहेबांनी तीनही जागी एक, एक, एक असे आकडे टाकले आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत प्रिंटरने जमिनीवर कागदाची रास घातली होती. ग्लोरिया रास उचलून म्हणाली, "बाई, बघ गं, साहेबांनी दिवाळी केली."

त्यामुळे झालं असं, की कुठलाही नवा कागद आला की सगळे आमच्या साहेबांकडे. ते टोपी मागे सारायचे, टेबलावर ओणवे व्हायचे, कागदाकडे नीट बघायचे आणि तीन आकडे बोलायचे. चांदण्या यायच्या नाहीत. कसं जमतं विचारलं तर म्हणायचे, "दिसतं."

हे मशीन भरकटतं म्हणजे काय होतं, ते मला समजलं ते बोरीवलीच्या नॅशनल पार्कात. लॅबची सहल होती. जेवणं झाल्यावर साहेबांनी ग्लोरियाचा रुमाल घेतला आणि मोठ्या साहेबांना म्हणाले, "डोळे बांधतो. खाली तळं आहे. कुणाला विचारायचं नाही, काठी घ्यायची नाही. पायाला जिकडे उतार लागेल तिकडे चालायचं. चारी बाजूंनी चढ लागला की थांबायचं."

मोठे साहेब पोटावरून शर्ट सारखा करत निघाले. थोडं खाली गेले, झुडपांपाशी वळले आणि एका खड्ड्यात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी पुकारलं, "पोचलो. तळं आलं."

"साहेब, तो खड्डा आहे," ग्लोरिया म्हणाली.

"असं कसं? सगळीकडून चढच लागतोय."

"पाणी लागतंय का पायाला?"

मोठ्या साहेबांनी पाय आपटून पाहिला. मग म्हणाले, "दमट आहे."

आम्ही पोट धरून हसलो. मग आमचे साहेब माझ्याकडे वळले. "ताई, आता तुम्ही." मी नको नको म्हणत असतानाच ग्लोरियाने माझे डोळे बांधले. साहेबांनी मला खांद्याला न शिवता, नुसतं बोलून, थोडं इकडे, थोडं तिकडे करत एका जागी उभं केलं. मी चपला काढल्या आणि पायाने उतार चाचपत निघाले. भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती. थोड्या वेळाने तळव्याला गार चिखल लागला, मग पाणी. रुमाल काढला तर समोर तळं.

"कॉम्प्युटर असाच आंधळा आहे," साहेब सगळ्यांना सांगत होते. "चालतो नीट, पण त्याला उभं कुठे केलं त्यावर सगळं. ताई बरोबर चालल्या आणि मोठे साहेबही बरोबर चालले. त्यांची जागा चुकली."

"जागा तूच दिलीस ना मला," मोठे साहेब पँटचा चिखल झटकत म्हणाले.

"मुद्दाम दिली," साहेब म्हणाले.

आता लग्नाचं. साहेबांचं लग्न मुलुंडच्या मुलीशी ठरलं होतं. ती बँकेत होती. तारीख धरली आणि नेमकं त्याच वेळी मोठं काम आलं. कागदांवर कागद, आणि तीन आकडे बोलणारा माणूस एकच. मोठ्या साहेबांनी रजा दिली नाही. तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेलाही तेच. साहेबांच्या आईने लाडू करून ठेवले होते, ते आम्ही कँटीनमध्ये खाल्ले. साहेबांनी प्रत्येकाला लाडवात बेदाणे किती ते विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

मग एक दिवस ती मुलगीच लॅबमध्ये आली. बँकेतून परस्पर, खांद्याला पर्स. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर देवळासारख्या चपला काढाव्या लागत, तिने काढल्या आणि सरळ आत गेली. मी दाराशी नळ्यांचा ट्रे घेऊन उभी होते, तशीच राहिले.

"हे ते मशीन?" ती म्हणाली.

"हो."

"अजून बोट धरून चालवावं लागतं याला?"

"नुसतं पहिलं पाऊल," साहेब म्हणाले. "पुढचं सगळं तोच करतो."

"मग पहिलं पाऊलही त्यालाच शिकवा. तुम्ही आकडे कसे सांगता?"

"दिसतात."

"काय दिसतं?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच त्यांना सांगता येईना.  ती म्हणाली, "तुम्हालाच माहीत नाही, तर त्या बिचाऱ्याला काय सांगणार? हे बघा, बाबांनी तिसरी तारीख काढली आहे. या वेळी तारीख हलली, तर बाबा मुलगा बदलतील. आणि मी त्यांना अडवणार नाही. आता तुम्हीच अंदाज करा, मी हे मनापासून बोलतेय की नाही."

जाताना ती माझ्या ट्रेकडे बघून हसली. ती दारातून बाहेर पडल्यावर ग्लोरिया म्हणाली, "झकास आहे. ही गेली तर दुसरी अशी नाही मिळणार."

 साहेबांनी त्याच दिवशी मोठ्या साहेबांशी ठरवून घेतलं की तारखेच्या आधी मशीनला स्वतःचा अंदाज स्वतः करता आला, तर रजा. नाही आला, तर नाही. आणि मग ते स्वतःला शोधायला बसले. एकेक कागद घ्यायचे, आकडे बोलायचे, आणि लगेच स्वतःला विचारायचे, "आत्ता काय पाहिलंस?" डोळे मिटायचे, उघडायचे. एकदा आरसा आणून कागदापाशी ठेवला आणि आपले डोळे कुठे जातात ते बघत बसले. आरशात बघितलं की कागद दिसेना, कागद बघितला की आरसा. मी फडका घेऊन गेले तर म्हणाले, "ताई, माझे डोळे कुठे जातात? अंदाज सांगा." मी फडका घेऊन बाहेर आले.

तारीख तीन आठवड्यांवर आली असताना ते माळ्यावरून पडले. आईला लग्नासाठी मोठी पातेली काढून देत होते. डाव्या हाताला प्लास्टर आणि हात गळ्यात झोळीत. तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. कागद आला. साहेबांनी पाहिला, आकडे बोलले. ग्लोरियाने मशीनला घातले. चांदण्या आल्या.

दुसरा कागद, पुन्हा चांदण्या. तिसऱ्याला मशीन कुठल्या तरी खड्ड्यात जाऊन बसलं. मोठे साहेब म्हणाले, "पडताना डोक्याला लागलंय का तुझ्या?" साहेबांनी माकडटोपी काढून टेबलावर ठेवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचे केस पाहिले.  ज्या माणसाला दिसायचं, त्याचंच दिसणं गेलं होतं. आता मशीनला शिकवणार कोण आणि रजा देणार कोण.

मी धुतलेल्या नळ्या ठेवायला आत गेले होते. साहेब चौथ्या कागदावर ओणवे झाले होते. तेवढ्यात ग्लोरिया म्हणाली, "साहेब, हात दुखतोय काय? सारखा वळवळतोय."

साहेबांनी खाली पाहिलं. झोळीतला हात कागदाकडे जायला बघत होता आणि झोळी त्याला सोडत नव्हती.  मग हळूच म्हणाले, "ताई, इकडे या. तुमचा हात द्या. म्हणजे, या कागदावर ठेवा."

"ओला आहे," मी म्हटलं.

"असू दे. डाव्या बाजूला ठेवा. चढ झाकला पाहिजे. अजून थोडा उजवीकडे. बास."

माझ्या हाताखाली कागद भिजत होता. साहेब उरलेल्या अर्ध्या कागदाकडे, लांब उताराकडे बघत होते. तो कागद खास रेघांचा होता, त्यावर उताराचे ठिपके जवळजवळ सरळ ओळीत यायचे. त्यांनी पट्टी घेऊन त्यावरून रेघ ओढली आणि एक आकडा बोलले. मग म्हणाले, "आता उचला." मी हात उचलला. त्यांनी तीच रेघ माझ्या ओल्या ठशावरून डावीकडे मागे ओढली. रेघ वर आणि चढाचे ठिपके खाली, मधे फट. त्या फटीकडे बघून त्यांनी दुसरा आकडा सांगितला. आणि रेघ कडेला जिथे टेकली तिथून तिसरा.

ग्लोरियाने आकडे घातले. प्रिंटर चालू झाला. आम्ही कागद बाहेर येताना बघत होतो. आकडे आले. नुसते आकडे.

"मी चढ झाकत होतो," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं डाव्या हाताने चढ झाकत होतो, आणि मलाच माहीत नाही."

"शेवटाकडून," ग्लोरिया म्हणाली. "ताकभात आधी."

साहेब इतके हसले की प्लास्टर दुखलं. मग त्यांनी माझ्या ठशाभोवती पेन्सिल फिरवली. तो कागद पुढे कितीतरी दिवस कॉम्प्युटरच्या खोलीत भिंतीला होता. पाणी सुकल्यावर तिथे कागद चुरगळून राहिला होता, पाचही बोटं कळायची.

त्यानंतर ते एका हाताने बटणं दाबत कॉम्प्युटरला शिकवू लागले. उतारावर आधी रेघ टाक, ती मागे ओढ, फट बघ. हे सगळं त्याला जमलं. अडलं ते एका जागी. हात कुठवर ठेवायचा? प्रत्येक टेकडीचा चढ वेगळा. साहेबांना ते बघून कळायचं, मशीनला कसं कळणार? दोन दिवस ते त्यातच अडकून होते. मग मला धुण्याच्या मोरीपाशी येऊन म्हणाले, "ताई, हात कुठवर ठेवायचा? अंदाज सांगा."

मी नळाकडे बघत राहिले. ते गेले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "अर्ध्यावर."

का म्हटलं ते सांगता येणार नाही. काही तरी बोलल्याशिवाय ते जाणार नव्हते. पण त्यांनी जाऊन खरंच मशीनला सांगितलं, अर्धे ठिपके झाक. आम्ही जुने सगळे कागद काढून एकेक घातले. बरेच बरोबर आले, काही बिघडले. बिघडलेले कागद घेऊन साहेब पुन्हा मोरीपाशी आले. मला वाटलं आता बोलतील.

"चुकला," ते म्हणाले, आनंदाने. "पण कुठे चुकला ते दिसलं. जिथे चढ लांब आहे तिथे अर्धा हात पुरत नाही, थोडा चढ उघडा राहतो, म्हणून ठिपके वाकतात. म्हणजे वाकताहेत का तेवढंच मशीनने तपासायचं. वाकले, तर हात आणखी एक ठिपका पुढे. सरळ झाले की थांबायचं. ताई, तुम्ही अर्ध्यावर म्हणाला नसता तर मी अजून निघालोच नसतो."

 त्या दिवशी घरी गेल्यावर मी यांना विचारलं, "आज भाजीत मीठ किती असेल, खायच्या आधी सांगा." यांनी आधी भाजी हुंगून पाहिली.

लग्नाच्या दिवशीच मोठं काम पुरं करून द्यायचं होतं. मोठ्या साहेबांनी रजा दिली, पण अट घातली. नवे कागद सकाळी मशीनला घालायचे. चांदण्या आल्या तर कुणी तरी कागद पिशवीत घालून मुलुंडला हॉलवर जायचं आणि नवऱ्या मुलाने तिथे बसून आकडे सांगायचे. साहेबांनी मान्य केलं. मला म्हणाले, "ताई, तुम्हीच या. आमंत्रण आहेच. पिशवी दिसली की मी समजेन. आणि पिशवी नसेल तर जेवून जा."

सकाळी ग्लोरियाने एकेक कागदाचे आकडे घातले. मशीन आपलं आपण हात ठेवत होतं, सरकवत होतं. एकही चांदणी आली नाही. शेवटचा कागद बाहेर आला तेव्हा ग्लोरियाने मला उचलूनच घेतलं. मोठे साहेब म्हणाले, "जा, सांगा त्याला. नाहीतर अंतरपाटाआडून फोन करेल."

मी अंधेरीहून पवईमार्गे जाणारी मुलुंडची बस धरली. तलावापाशी बस बराच वेळ अडकली. हॉलवर पोचले तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. हॉल भरलेला. मी दारातच उभी राहिले. समोर स्टेजवर अंतरपाट, एका बाजूला ती आणि एका बाजूला आमचे साहेब, मुंडावळ्या बांधून, बिनटोपीचे. डावा हात नुकताच प्लास्टरमधून सुटलेला, पांढराफटक.

त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उतरला.

मला कळेना. मग मी खाली पाहिलं. माझ्या हातात पिशवी होती. त्यांच्यासाठी मी आहेराचा स्टीलचा डबा आणला होता, तो कशात आणणार, म्हणून पिशवीत. पिशवीचं काय ठरलं आहे ते त्या आनंदात माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

साहेबांनी पाटावरचा एक पाय खाली ठेवला. भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता त्यांच्याकडे बघू लागले. अंतरपाटाच्या कडेवरून नवरीचे डोळे दिसले, आधी त्यांच्याकडे, मग ते बघत होते तिकडे, माझ्याकडे. तिला माझा चेहरा आठवला असावा, कारण तिच्या कपाळाला आठी पडली. मला ओरडून सांगायचं होतं की चांदण्या नाहीत. एवढंच. ग्लोरिया असती तर ठाण्यापर्यंत ऐकू गेलं असतं. माझा घसा बंद झाला होता.

मग मी पिशवी खाली ठेवली आणि हात वर केला. तळवा उघडा, पाचही बोटं पसरून, कागदावर ठेवला होता तसा. शाळेतसुद्धा मी कधी हात वर केला नव्हता.

 साहेबांना कळलं, हात आता मशीनच ठेवतंय. त्यांनी पाय परत पाटावर घेतला आणि आपला पांढरा हात तसाच वर केला, आणि भर मंगलाष्टकात हसले. लोक मागे वळून बघू लागले की नवरा मुलगा कुणाला हात करतोय. अंतरपाटापलीकडे नवरीच्या कपाळाची आठी गेली. तिला काय कळलं ते मला माहीत नाही, पण तिनेही हसून खाली बघितलं.

तेवढ्यात शेवटचं सावधान झालं. अंतरपाट ओढला, वाजंत्री सुरू झाली, सगळ्या हॉलने अक्षता उडवल्या. माझा हात अजून वरच होता. अक्षतांचे चार दाणे त्यात येऊन पडले, आणि मला तो खाली घ्यायचं सुचलंच नाही.